ब्लॅक बुकची सुरुवात मे महिन्यात व्हावी

मार्च संपत आला की ठाणे स्टेशनबाहेरच्या आणि वाशी-नेरूळच्या कॉलेजांजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत काळ्या पुठ्ठ्यांच्या थप्प्या लागतात. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत विद्यापीठाचं नाव, विषय, विद्यार्थ्याचं आणि गाइडचं नाव. मुंबई विद्यापीठाच्या मुलांच्या तोंडी याला ब्लॅक बुक म्हणतात. कागदोपत्री ते लघुशोधप्रबंध किंवा संशोधन प्रकल्प असतं. बाइंडिंगला दिलेल्या प्रती संध्याकाळी मिळतील की परवा, यावर रांगेतल्या मुलांचा जीव टांगलेला असतो. काही दुकानांत गेल्या वर्षीच्या एखाद्या विषयाची तयार फाइलही मिळते, नाव बदलून.

यावर दरवर्षी एकच चर्चा होते. मुलं कष्ट करत नाहीत, इंटरनेटवरून उचलतात, आता तर चॅटजीपीटीकडून लिहून घेतात. या तक्रारीत तथ्य आहे. पण मार्चमध्ये जी चोरी दिसते तिची सोय आधीच्या जुलै-ऑगस्टमध्ये झालेली असते. विषय ठरायला सप्टेंबर उजाडतो, गाइड ठरायला त्याहून उशीर होतो, दिवाळीनंतर प्रश्नावली तयार होते आणि जानेवारीत मुलाच्या लक्षात येतं की हवी ती माहिती मिळण्याचा हंगामच निघून गेला. त्यानंतर त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात: विषयाला कात्री लावून काहीतरी उभं करायचं, नाहीतर दुकानातली फाइल घ्यायची. आमचं म्हणणं असं की पदव्युत्तर प्रकल्पाची सुरुवात तिसऱ्या सत्रात न होता पहिल्या वर्षाच्या मे महिन्यात व्हावी, आणि गुण देताना शेवटच्या जाड पुस्तकाइतकंच त्यामागच्या आखणीलाही मोल असावं. यासाठी नवा नियम लागत नाही. हाताशी असलेले क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमातल्या कामाचं वजन मोजायची एककं, एकमेकांना जोडले तरी पुरेसं आहे.

हिशोब मांडून पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर आराखड्यात एकूण ८८ क्रेडिट आहेत. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचा ४ क्रेडिटचा पेपर, दुसऱ्यात ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ६ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प. चारही मिळून १८ क्रेडिट, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त. पण प्रत्यक्षात हे चार तुकडे एकमेकांना ओळखत नाहीत. संशोधन पद्धतीचा पेपर गाइडबुकमधून पाठ केला जातो. गृहीतक म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, हे लिहून गुण मिळतात, पण स्वतःचं एकही गृहीतक मांडावं लागत नाही. फील्ड प्रोजेक्ट दुसऱ्याच विषयावर होतो आणि प्रमाणपत्र जोडून संपतो. मग तिसऱ्या सत्रात कोऱ्या पाटीवर पुन्हा श्रीगणेशा.

प्रकल्पाचे १० क्रेडिट, एका क्रेडिटला कामाचे ३० तास धरले तर ३०० तास होतात. १ जुलै ते मार्चचा दुसरा आठवडा हे साधारण ३६ आठवडे. त्यातून तिसऱ्या सत्राची परीक्षा, गणपती आणि दिवाळी वजा केली की ३० आठवडे हाती राहतात, म्हणजे आठवड्याला दहा तास. जमण्यासारखं आहे. विषय ठरायला सप्टेंबर संपला तर परीक्षा आणि दिवाळी वजा जाता १८-१९ आठवडे उरतात आणि तेच काम आठवड्याला सोळा तासांवर जातं. ऐरोली-महापेच्या आयटी कंपनीत किंवा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नोकरी सांभाळून एम.ए., एम.कॉम. करणाऱ्याला सोळा तास कुठून मिळणार? रविवारचे आठ तास धरले तर ३० रविवारांचे २४० होतात. उरलेले ६० तास ट्रेनमध्ये वाचून निघतील, पण तलावाचं पाणी ट्रेनमध्ये तपासता येत नाही. म्हणून विषय निवडताना पहिला प्रश्न आवडीचा असला तरी दुसरा तासांचाच असायला हवा.

आता मुख्य मुद्दा. विद्यापीठाचं कॅलेंडर एकच असतं, पण प्रत्येक विषयाचं पंचांग वेगळं असतं. हे पंचांग कळायला वेळ लागतो आणि चुकलं तर वर्षभर दुरुस्त होत नाही.

ठाण्यात पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्राच्या मुलांचा हमखास विषय म्हणजे तलावांच्या पाण्याची गुणवत्ता. मासुंदा, उपवन, कचराळी जवळ आहेत, खर्च कमी आहे, विषय लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे. चांगलाच विषय. पण यात पावसाळ्याआधी, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर असे तीन ऋतूंचे नमुने लागतात. विसर्जनाचा परिणाम पाहायचा तर भाद्रपदाआधीचा नमुना लागतोच. विषय सप्टेंबरात ठरला तर पहिला ऋतू गेलेला असतो आणि विसर्जनाआधीचा नमुनाही हुकलेला असतो. मग मुलं जुन्या एखाद्या अहवालातले आकडे घेऊन त्यांच्याशी स्वतःचे आकडे ताडून बघतात. जागा वेगळी, खोली वेगळी, पद्धत वेगळी, आणि निष्कर्ष मात्र ठाम.

नमुना घेण्याचं काम जवळून पाहिलं तर वेळ कुठे जातो ते कळतं. विरघळलेल्या प्राणवायूसाठी ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्यात बुडवून, बुडबुडा राहू न देता भरायची. काठावरच पिपेटने मँगनस सल्फेट आणि अल्कली आयोडाइड अझाइड एकेक मिलिलिटर सोडायचं, पिपेटचं टोक पाण्याच्या आत ठेवून. बूच लावून बाटली उलटीसुलटी केली की तपकिरी साका खाली बसतो. साका पांढरा राहिला तर पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. हे काठावर केलं नाही आणि बाटली तशीच रिक्षातून प्रयोगशाळेत नेली तर वाटेतच प्राणवायूचं प्रमाण बदलतं आणि पुढचं टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून केलेली मोजणी, कितीही काळजीपूर्वक केलं तरी आकडा त्या तलावाचा राहत नाही.

बी.ओ.डी.चं, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्या मोजमापाचं, गणित आणखी नाजूक. आपल्याकडच्या भारतीय मानकाप्रमाणे बाटल्या २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये राहतात. म्हणजे सोमवारी नमुना घेतला तर वाचन (उरलेल्या प्राणवायूची मोजणी) गुरुवारी, मंगळवारचं शुक्रवारी, शुक्रवारचं सोमवारी. बुधवारी किंवा गुरुवारी घेतला तर तिसरा दिवस शनिवारी-रविवारी येतो आणि प्रयोगशाळेला कुलूप असतं. मग चौथ्या-पाचव्या दिवशी वाचन घेऊन तीन दिवसांचं म्हणून लिहिलं जातं. परीक्षकाला पुस्तकात हे दिसत नाही, कारण पुस्तकात तारखा नसतात. शिवाय पाणी घाण असलं तर ते किती पट विरळ करायचं हे अंदाजाने ठरवावं लागतं. तीन दिवसांत बाटलीतला प्राणवायू पूर्ण संपला तर वाचन फुकट. तो लिटरमागे किमान २ मिलिग्रॅम उतरायला हवा आणि शेवटी किमान १ मिलिग्रॅम उरायला हवा. पहिल्या खेपेला हे बहुधा जुळत नाही. तीन तलाव, प्रत्येकी तीन जागा म्हणजे एका ऋतूला नऊ नमुने. पहिल्या दिवसाची एक आणि तिसऱ्या दिवसाची एक अशा अठरा बाटल्या आणि वर निव्वळ विरळ करण्याच्या पाण्याच्या दोन. प्रयोगशाळेत बारा बाटल्या असतील तर एका ऋतूला दोन फेऱ्या. हे सगळं मेमध्ये एकदा करून पाहिलं असेल तर ऑगस्टचा नमुना भरवशाचा येतो. ज्याची पहिली खेप ऑक्टोबरात, त्याचा आकडा चुकला हे त्याला नोव्हेंबरात कळतं, आणि पावसाळा काही त्याच्यासाठी परत येत नाही.

भाषेच्या विद्यार्थ्याचंही तेच. नवी मुंबईच्या गावठाणांतली आगरी बोली आणि लग्नातले धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, हा एम.ए. मराठीसाठी फार मोलाचा विषय. दिवाळे, करावे, घणसोली, कोपरखैरणे इथे आज धवले म्हणणाऱ्या धवलारणी वयस्क आहेत आणि त्यांच्या मागून शिकणाऱ्या मुली थोड्या. पण धवले लग्नात म्हटले जातात आणि लग्नं तुळशीच्या लग्नानंतर लागतात. जुलैत विषय घेतलेल्या मुलीला कार्तिकापर्यंत थांबावं लागतं आणि मग परीक्षा व सबमिशनच्या मधल्या सापटीत काम उरकावं लागतं. हीच मुलगी मेमध्ये निघाली तर चालू हंगामातलं एखादं लग्न तिला मिळतं. रेकॉर्डिंग कसं करायचं, बँडच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत म्हणून हळदीच्या आदल्या दिवशी घरी बसून वेगळं रेकॉर्डिंग का घ्यावं लागतं, परवानगी कोणाची घ्यायची, हे तिथेच कळतं. पावसाळ्याचे चार महिने मग उतरवून घेण्याला मिळतात. साध्या मुलाखतीचं एक तासाचं रेकॉर्डिंग कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात. बोलीतलं गाणं असेल तर त्याहून जास्त, कारण एकेका शब्दासाठी परत त्याच आजीकडे जावं लागतं.

तुर्भ्याचा कृषी उत्पन्न बाजार समाजशास्त्र आणि अर्थशास्त्राच्या मुलांना नेहमी खुणावतो. भाजीपाल्याच्या बाजारात रात्री गाड्या लागतात, पहाटे व्यापार होतो आणि सकाळी अकराला प्रश्नावली घेऊन गेलेल्या मुलाला थकलेली, झोपायला निघालेली माणसं भेटतात. ती हो-नाही करून सुटका करून घेतात. कांदा-बटाटा, मसाला आणि धान्याच्या बाजारांची वेळ वेगळी. माथाडी कामगारांत सातारा-सांगलीकडचे बरेच. दिवाळीत आणि गावच्या यात्रेला टोळीच्या टोळी गावी गेलेली असते. हे सगळं एका पहाटेच्या फेरीत कळतं. ग्रंथालयात बसून वर्षभर कळत नाही.

याच विषयात दुसरी चूक ठरलेली असते, ती म्हणजे विषयाचा पसारा. ‘नवी मुंबईतील माथाडी कामगारांचे सामाजिक व आर्थिक जीवन: एक अभ्यास’ असं शीर्षक घेतलं की १९६९च्या माथाडी कायद्याचा इतिहास, अण्णासाहेब पाटलांचं कार्य, बाजाराचं स्थलांतर, कुटुंब, शिक्षण, आरोग्य, कर्ज असं सगळं थोडं थोडं येतं आणि कशाचंच नवीन काही कळत नाही. त्याऐवजी एकच प्रश्न घ्यावा: माथाडी मंडळामार्फत मजुरी कामगाराच्या हाती पडेपर्यंत किती दिवस जातात, आणि त्या दिवसांत तो उसनवारी कोणाकडून करतो? मुकादमाकडून, गाववाल्यांकडून की पतपेढीतून? एका बाजारातल्या चार टोळ्या, प्रत्येकी तीन माणसं, बारा मुलाखती. तासाभराची एक धरली तर बारा तास बोलणं आणि साठ तास उतरवणं. तीनशे तासांत हे आरामात बसतं आणि यातून निघालेली गोष्ट बाजारातल्या माणसालाही नवी वाटू शकते. अरुंद प्रश्नाला पुस्तकाची पानं भरणार नाहीत अशी भीती मुलांना वाटते. ती भीती ऐंशी-शंभर पानं हवीत असं सांगणाऱ्या विभागांनी घातलेली आहे. पानांची किमान अट काढून टाकली तर निम्मी भरती आपोआप गळेल.

सीमारेषेकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दलही कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण ठाणे-नवी मुंबईत ही चूक पदोपदी होते. ‘नवी मुंबई’ म्हणजे नक्की काय? नवी मुंबई महानगरपालिका दिघ्यापासून बेलापूरपर्यंत, आणि ती ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली सिडकोच्या नवी मुंबईत येतात, पण महापालिका पनवेलची, २०१६ साली झालेली, आणि जिल्हा रायगड. शीर्षकात नवी मुंबई, मुलाखती खारघरच्या आणि पाणीपुरवठ्याचे आकडे नवी मुंबई महापालिकेचे, असं पुस्तक व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, आलं की पहिल्या प्रश्नातच कोसळतं. ‘ठाणे जिल्हा’ म्हटलं तर आणखी मोठा खड्डा. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर आहे, पण त्यात पालघर आहे. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. जुना आकडा जुन्या जिल्ह्याचा, नवा आकडा नव्या जिल्ह्याचा, आणि दोन्ही एका तक्त्यात शेजारीशेजारी. मग जिल्ह्याची लोकसंख्या घटली, स्थलांतर झालं, असे निष्कर्ष निघतात. तालुकानिहाय बेरीज करून आजच्या ठाणे जिल्ह्यापुरता २०११चा आकडा काढायला एक संध्याकाळ पुरते. पण ती एक संध्याकाळ सुरुवातीला द्यावी लागते, पुस्तक छापून झाल्यावर नाही.

गूगल फॉर्मबद्दल थोडक्यात. फॉर्म व्हॉट्सॲपवर टाकला, दोन दिवसांत शंभर उत्तरं आली, काम झालं, असं मुलांना वाटतं. विषय ‘ठाण्यातील गृहिणींची ऑनलाइन खरेदी’ आणि उत्तरं देणाऱ्या बहुतेक विशीतल्या वर्गमैत्रिणी. मोठ्या लोकसंख्येतून ९५ टक्के खात्रीने, पाच टक्क्यांच्या फरकात अंदाज बांधायचा तर ३८५ जणांचा नमुना लागतो, दहा टक्क्यांचा फरक चालत असेल तर ९७. हे सूत्र पुस्तकात छापलेलं असतं म्हणून मुलं शंभर जण गोळा करतात. पण हे सूत्र यादृच्छिक निवडीसाठी, म्हणजे प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी असते अशा निवडीसाठी आहे, ओळखीच्यांसाठी नाही. घोडबंदर रोडवरच्या तीन सोसायट्या निवडून प्रत्येक मजल्यावरचं एक दार ठोठावणारी मुलगी चाळीस उत्तरं आणेल, पण ती चाळीस कोणाची हे तिला सांगता येईल. आणि पहिल्या दहा उत्तरांनंतर प्रश्नावली सुधारावी लागते, हे ज्याने आधी दहा घरी चाचणी घेतली त्यालाच कळतं. ‘तुमचं मासिक उत्पन्न किती’ हा प्रश्न सुरुवातीला विचारला तर दार तिथेच बंद होतं. तो शेवटी आणि गटांत विचारावा.

परवानग्या हा भाग कोरडा वाटतो, पण सबमिशन हुकायला तोच सर्वाधिक कारणीभूत असतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कायद्याने ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं तर पहिलं अपील, त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. म्हणजे महापालिकेच्या किंवा सिडकोच्या कागदांवर उभा असलेला विषय घेतला आणि अर्ज जानेवारीत टाकला तर अपिलाचा निकाल सबमिशननंतर येऊ शकतो. जुलैत टाकला तर दिवाळीआधी चित्र स्पष्ट होतं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात काम करायचं तर वनविभागाची परवानगी हवी, आणि पक्षी मोठ्या संख्येने असतात ते हिवाळ्यापासून मेपर्यंत. परवानगी फेब्रुवारीत हातात आली तर निम्मा हंगाम संपलेला. पालिकेच्या शाळेतल्या मुलांशी बोलायचं तर शिक्षण विभागाचं पत्र, पालकांची संमती. रुग्णांशी बोलायचं तर नैतिक समितीची मान्यता, आणि समितीची बैठक काही रोज होत नाही. अर्जाला विभागप्रमुखांच्या सहीचं, तारखेचं, जावक क्रमांकाचं पत्र जोडलेलं असावं आणि पोच घेतलेली प्रत फाइलमध्ये असावी, नाहीतर पुढच्या खेपेला खिडकीवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

मुलांनी काय करावं हे सांगून विभागांना मोकळं सोडणं योग्य होणार नाही. एका गाइडकडे वीस मुलं असतील आणि प्रत्येकाला पंधरवड्यातून अर्धा तास द्यायचा म्हटला तर दहा तास होतात, आठवड्याला पाच. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचा भार असताना हे पाच तास वेळापत्रकात नाव घालून दिसले पाहिजेत. नाहीतर ते स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या दिले जातात: “सर, हे बघता का?” “ठेव, बघतो.” पीएच.डी.साठी प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चार विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. पदव्युत्तर प्रकल्पालाही प्रत्येक विभागाने स्वतःहून आठ-दहाची मर्यादा घालून घ्यावी. जागा रिकाम्या असल्यामुळे हे जमत नाही हे खरं आहे आणि त्यासाठी भरतीची मागणी लावून धरायलाच हवी. तोपर्यंत निदान भेटींची वही तरी हवी: तारीख, काय दाखवलं, काय सुचवलं, पुढच्या भेटीपर्यंत काय करायचं, दोघांच्या सह्या. तयार फाइल विकत घेणाऱ्याला ही वही विकत मिळत नाही. वर्षभराच्या बारा-पंधरा नोंदी, काठावर ओली झालेली नमुन्यांची नोंदवही, पेन्सिलने भरलेल्या प्रश्नावल्या एका रात्रीत तयार होत नाहीत. परीक्षकांनी आधी हा गठ्ठा मागावा, ब्लॅक बुक नंतर. एकूण गुणांतले तिसरा हिस्सा गुण यावर ठेवले तर मार्चची दुकानदारी ओसरेल, असा आमचा अंदाज आहे.

सध्या सगळा भर साम्य तपासणीच्या, म्हणजे मजकूर दुसरीकडून किती उचलला आहे हे संगणकावर पाहण्याच्या, टक्क्यावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६०ला एक वर्ष बंदी, त्यावर नोंदणी रद्द. नियम चांगले आहेत. पण मुलं ते पाळण्यासाठी वाक्यांतले शब्द उलटसुलट करतात आणि मजकूर वाचवत नाही असा होतो. मराठीत तर आणखी एक पंचाईत. टायपिंग करून देणारे अजूनही जुन्या फाँटमध्ये, श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये मजकूर देतात. पडद्यावर तो मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. तपासणीला साम्य शून्य येतं, शोध घेता येत नाही, दुसऱ्या संगणकावर उघडलं की सगळं विस्कटतं. पहिल्या ओळीपासून युनिकोडमध्येच टाइप करावं आणि टायपिस्टला देतानाही तीच अट घालावी. संदर्भ झोटेरोसारख्या मोफत साधनात वाचता वाचताच नोंदवावेत, शेवटी शोधायला गेलं की पान क्रमांक सापडत नाहीत. चॅटजीपीटीने दिलेला संदर्भ तर प्रत्यक्ष पुस्तक हातात घेतल्याशिवाय लिहूच नये. अस्तित्वात नसलेली पुस्तकं, खऱ्या वाटणाऱ्या लेखकांसकट, तो सर्रास देतो.

यावर आक्षेप येतो की एम.कॉम., एम.ए. करणाऱ्या सगळ्यांना संशोधक व्हायचं नाही, मग एवढा खटाटोप कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पण दहा क्रेडिट तर सगळ्यांनाच आहेत. ते खोटे भरायचे की खरे, एवढाच प्रश्न उरतो. शिवाय आयोगाने २०२२च्या पीएच.डी. नियमांत एम.फिल. बंद केल्यापासून पीएच.डी.आधी संशोधनाचा हात बसवण्याची मधली पायरी गेली, आणि ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी हा प्रकल्प मोठा आधार उरला. ज्यांना दिवसा बाहेर पडता येत नाही अशा नोकरदारांनी कागदांवरचा विषय घ्यावा. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांची अंदाजपत्रकं प्रसिद्ध होतात. दोघांच्या पाच वर्षांच्या अंदाजपत्रकांत शिक्षणावर किती तरतूद होती आणि किती खर्च झाला, हे शांतपणे मांडलं तरी ते नगरसेवकापासून पत्रकारापर्यंत सगळ्यांच्या कामाचं होईल. त्यालाही खाचा आहेत: अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन वेगळे रकाने असतात आणि प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांनंतरच्या पुस्तकात सापडतो.

दुसरा आक्षेप, पहिल्या वर्षाच्या मुलाला एवढ्या लवकर विषय कसा सुचणार? त्याला पूर्ण विषय सुचायची गरज नाही. एप्रिलमध्ये त्याने दोन पानं लिहावीत. त्यात प्रश्न एका वाक्यात असावा. अभ्यासक्षेत्राची हद्द, माहिती कुठून आणि कोणाच्या परवानगीने मिळणार, तिचा हंगाम कोणता, नग किती आणि तास किती, आणि पहिला रस्ता बंद झाला तर दुसरा कोणता, एवढं त्यात आलं की पुरे. संशोधन पद्धतीच्या पेपरचे अंतर्गत गुण अशाच दोन पानांच्या सरावावर ठेवता येतील. दुसऱ्या सत्राच्या फील्ड प्रोजेक्टचे ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास, याच विषयाच्या पहिल्या फेरीला द्यावेत. त्या फेरीत विषय मोडला तरी बिघडत नाही. मेमध्ये मोडलेला विषय जूनमध्ये बदलता येतो.

आणि झालेलं काम कपाटात कुलूपबंद राहू नये. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारात सापडतात, पदव्युत्तर प्रकल्प मात्र विभागाच्या कपाटात धूळ खातात आणि पाच वर्षांनी रद्दीत जातात. त्यामुळे उपवनच्या पाण्याचा अभ्यास दरवर्षी कुणीतरी नव्याने करतं आणि गेल्या वर्षीच्या आकड्यांना हात लावू शकत नाही. शीर्षक, गोषवारा आणि कच्चे आकडे एवढं जरी प्रत्येक विभागाने आपल्या संकेतस्थळावर ठेवलं, नमुन्याची जागा, तारीख, वेळ यांसकट, तरी दहा वर्षांत ठाण्याच्या तलावांचा सलग आलेख तयार होईल, जो आज एका माणसाला एकट्याने काढता येणार नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात तलावांची पातळी खाली गेलेली असते, पाणी तापलेलं असतं आणि परीक्षा संपून प्रयोगशाळा रिकाम्या असतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा बाटल्या, बर्फाची पेटी आणि इन्क्युबेटरची किल्ली द्यावी. नमुना सोमवारी सकाळी घ्यावा, म्हणजे गुरुवारी वाचन करायला कुणीतरी हजर असेल.